पोत, खांब आणि पोलीस ठाणे
(संस्थेच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. पोलीस खात्यावर बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नाही, बोच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत एका भगिनीच्या गळ्यातील पोत हिसकावली गेली. ठाण्यात "हरवली असे लिहा" असा सल्ला मिळाला. अर्ज आमच्याच हस्ताक्षरात, तसाच लिहिला गेला. महिन्याभराने एका रात्री लोकांनी एक पोरगा पकडला आणि विजेच्या खांबाला बांधून मारला. तो केटररकडची भांडी घासून घरी निघाला होता! ठाण्यात दाद लागत नाही हे सर्वांनी पाहिलेले, त्यामुळे ठाण्याला कळवावे असे कुणाला सुचलेच नाही. त्या घोळक्यात आम्हीही होतो. हात उचलला नाही. पण "थांबा" असेही म्हटले नाही.

यावर उपाय शोधताना आम्हाला भिवंडी आठवते. यंत्रमागांचे हे गाव १९७० आणि १९८४ साली दंगलींनी होरपळले. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांची साधी माणसे अधिक, आणि सोबत त्या भागाचे पोलीस. रोजच्या कुरबुरी तेथेच बोलल्या जात. त्यामुळे शिपायाला माणसे नावानिशी ठाऊक झाली आणि माणसांना शिपाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मात्र कमिटी म्हणजे न्यायालय नव्हे. मारहाण, अत्याचार अशी प्रकरणे बैठकीत 'मिटवणे' हा आमच्या मते दुसरा गुन्हाच. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच एफ.आय.आर. नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ही खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि प्रत मोफत मिळते. ठाण्याने नाकारले तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बँकेत शंभर रुपये भरले तरी शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय आपण खिडकी सोडत नाही. ठाण्यातून मात्र रिकाम्या हाताने परततो!

आमच्या भागाच्या बीट हवालदारांना पुढील बैठकीचे निमंत्रण दिले आहे. ते येतो म्हणाले. पलीकडच्या झोपडपट्टीतील मुलांनाही बोलवा, असेही म्हणाले. दोन सभासदांचा त्याला विरोध आहे. तो पोरगा त्याच झोपडपट्टीतला. आमचे मत बोलवावे असे आहे, आणि आज सभेपुढे आम्ही तेच मांडत आहोत.