शिकवणी आणि सराव



गोल्फच्या खाजगी शिकवणीने खेळ सुधारतो काय, यावर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असे आपणांस वाटेल. पण माणूस शिकतो कसा, हा मूळ प्रश्न आपलाही आहे.

अमेरिकेतील जॅक निक्लॉस 1950 साली, दहाव्या वर्षी, जॅक ग्राउट यांच्या हाताखाली शिकू लागला. पुढे त्याने 18 मेजर स्पर्धा जिंकल्या. तरीही हंगामाच्या आरंभी तो गुरूकडे जाई आणि काठी धरण्यापासून पुन्हा सुरुवात करी. कारण फटका मारणाऱ्याला स्वतःचा फटका दिसत नाही. त्याला दुसऱ्याचा डोळा लागतो. नियमित शिकवणीचा खरा लाभ हाच.

मात्र तासाभरात दाखवलेली खोड मोडायला रोजचा सराव हवा. सरावावाचून फी भरणारा समाधान विकत घेतो, खेळ नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून इतरांच्या काठ्या वाहिलेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. 1993 साली त्याने ती पुन्हा जिंकली. कॅडी दिवसभर चांगले फटके पाहतो, हीच त्याची शाळा. पण त्याचा फटका कोण पाहणार? आणि पोटामागे धावताना त्याने सराव करावा केव्हा?

पाहणारा डोळा आणि हक्काची फुरसत, दोन्ही मिळाली तर माणूस सुधारतो. म्हणून मित्रहो, आठ तासांच्या दिवसाची मागणी केवळ विश्रांतीची नव्हे, शिकण्याचीही आहे.