विधानभवनातला कागद आणि आपले मूल

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



भाषण करणे हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही बँकेत कारकुनी करतो. दिवसभर पासबुकांत आणि चलनांत डोके घालून बसणाऱ्या माणसाला व्यासपीठावर उभे केले की तो आकड्यांवरच येणार. तेव्हा आकड्यानेच सुरुवात करतो. चारशे रुपये.

२०१७ सालची गोष्ट. सरकारी शाळेत सर्व मुलींना आणि आपल्या समाजातील मुलांना मोफत गणवेश मिळतो. तोवर दोन गणवेशांचे चारशे रुपये शाळेकडे येत आणि शाळा व्यवस्थापन समिती गणवेश घेऊन देई. त्या वर्षापासून हे पैसे मूल व आई यांच्या संयुक्त खात्यावर जमा करावेत, असा निर्णय मुंबईत झाला. मधली गळती थांबावी हा हेतू. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण शाळा सुरू झाल्या आणि आमच्या काउंटरसमोर आयांची रांग लागली.

त्यात एक शेतमजूर बाई होती. कडेवर तान्हे, हाताशी तिसरीतला मुलगा. पहिल्या खेपेला तिच्याजवळ फोटो नव्हते. दुसऱ्या खेपेला आधार कार्डावर मुलाचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरेच निघाले. आम्ही फॉर्म परत केला. नियमाप्रमाणे बरोबरच केले. बाई म्हणाली, "साहेब, दोन रोज बुडाले, फोटोला पैसे गेले. आता पोराला ड्रेस कशाचा घेऊ?" आम्ही काय सांगणार? पुढचा माणूस खिडकीशी आला आणि आम्ही त्याचे चलन हातात घेतले.

पुढे शाखाधिकाऱ्यांना विनंती करून आम्ही दोघे सहकारी एका शनिवारी शाळेतच फॉर्म भरायला गेलो. तरीही खात्यावर पैसे यायला दिवाळी उलटली. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला ते पोर जुन्याच सदऱ्यावर रांगेत उभे होते. राज्यभर अशी ओरड झाल्यावर दुसऱ्या वर्षी पैसे पुन्हा शाळेकडे गेले. २०२४ साली पुन्हा नवा प्रयोग झाला. कापड वरूनच एकत्र खरेदी करायचे आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचे. गणवेश उशिरा आले, आले ते अनेकांच्या अंगाला बसेनात, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोही निर्णय फिरला. आमच्या कार्यालयात एखादे परिपत्रक असे फिरले तर फार तर एक रजिस्टर नव्याने लिहावे लागते. इथे मुलाचे एक वर्ष जाते, आणि तिसरीचे वर्ष पुन्हा येत नाही.

त्या बाईच्या प्रश्नानंतर आम्ही बाबासाहेबांची मुंबई कायदेमंडळातील भाषणे काढून बसलो. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात ती आहेत. विद्यार्थ्यांनी त्यातले १२ मार्च १९२७ चे शिक्षण अनुदानावरील भाषण जरूर वाचावे. त्यात बाबासाहेब अंदाजपत्रकाचा हिशेब मांडतात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवले. याच गतीने चालले तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि मुली यायला तीनशे वर्षे लागतील, असे त्यांचे गणित होते. सभागृहात हा हिशेब मांडल्यावर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते.

आणि महाडची पाळी तरी का आली? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हते. तो ठराव झाला नसता तर हक्क कशाच्या आधारे मागायचा, हाही प्रश्नच होता. म्हणून कागदाला आम्ही तुच्छ मानत नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी याच सभागृहात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात पगारासह विश्रांती मिळणे म्हणजे बाळाला आईचे दूध मिळणे. १९६० साली महाराष्ट्र शासनाने धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने तेच करायला १९९० साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत आपल्यातले जे शिकले, त्यांत आमच्या वडिलांचीही गणना आहे.

आता एका रुपयाचे ऐका. १९९२ साली शासनाने प्राथमिक शाळेतील गरीब व मागासवर्गीय मुलींना हजेरीच्या दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. आमची धाकटी बहीण त्या वेळी शाळेत होती. त्या पैशांत तिच्या वह्या निघत. शेतात गवत काढायला न नेता आई तिला शाळेत धाडी, त्यात त्या रुपयाचाही वाटा होता. तीस वर्षांनी, २०२२ मध्येही, तो भत्ता एक रुपयाच होता. त्या काळात आमदारांचे पगार व भत्ते कितीदा वाढले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले आहेच.

पोटाचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबला. द्यायचेच तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. ज्या वस्तीतल्या मुलाला अंड्याची गरज आहे, त्याच वस्तीने वर्गणी काढून ते आणावे, हा न्याय आम्हाला उमगलेला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, इथे एक भेद ध्यानात घ्या. कायदा सभागृहात मंजूर होतो, त्यावर निदान चर्चा होते. नियम आणि शासन निर्णय मंत्रालयात निघतात, सकाळी उठून पाहावे तो बदललेले असतात. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित मुलांसाठी ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट मिळाली. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. तोवर जून उलटून गेला होता.

सुरक्षेबाबत थोडक्यात सांगतो. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर तो पुन्हा बजवावा लागला. आपल्या गावच्या शाळेत ही समिती आहे काय, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? आम्हाला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत सांगता येत नव्हते. मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी कपाटातून फाईल काढली. तिच्यात सदस्यांची नावे होती. त्यातल्या दोन बाईंना आपण सदस्य आहोत हे ठाऊकच नव्हते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. आमच्या वस्तीत मागच्या खेपेला त्या सभेला सात पालक आले होते. या खेपेला मंडळातर्फे घरोघरी निरोप द्यायचे ठरले आहे. अधिवेशनाच्या आधी आमदारांना द्यायचे निवेदनही तयार आहे, त्यात उपस्थिती भत्त्याचा आणि अंड्याचा प्रश्न घातला आहे. मजकूर सचिवांकडे आहे. सह्या करायला कार्यक्रमानंतर टेबलाशी यावे. पेन आम्ही आणले आहे, सवयीने दोरीला बांधलेले.

जयभीम.