'आढळले' आणि 'सिद्ध झाले'



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते क्रियापद जपून वापरा असे बजावीत. त्यांचा तो धडा मी एकदा विसरलो.

माझ्या एका आप्ताने विचारले होते, "भाऊ, घराजवळून उच्चदाबाची वाहिनी गेली आहे. घर विकून टाकू का?" वृत्तपत्राच्या एका कात्रणाच्या बळावर मी म्हणालो, "अपाय सिद्ध झाला आहे." त्याने पडेल भावाने घर विकले. पुढे कात्रण पुन्हा वाचले. त्यात शब्द होता 'आढळले'.

विजेने चुंबकसूची विचलित होते, हे निर्विवाद. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकमापन अलिबागला हलविले गेले. 1904 ते 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन आकडे जुळविण्यात आले. सजीवांचे काय?

मेंदूतील पिनियल ग्रंथी रात्री मेलाटोनिन स्रवते. प्रकाशाने तो स्राव घटतो. हे द्रव्य 1958 साली लर्नर यांनी गुरांच्या ग्रंथींतून वेगळे काढले. विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकक्षेत्रानेही ते घटत असेल काय? 1987 साली स्टीव्हन्स यांनी अशा घटीचा संबंध स्तनांच्या कर्करोगाशी असू शकेल, असे अनुमान मांडले आणि लोक धास्तावले.

1993 साली जपानात काटो व सहकाऱ्यांना, 50 हर्ट्झच्या फिरत्या चुंबकक्षेत्रात सहा आठवडे ठेवलेल्या उंदरांत मेलाटोनिन कमी आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील ऑरेगनमध्ये 500 किलोव्होल्टच्या वाहिनीखाली वाढलेल्या कोकरांत तसा फरक आढळला नाही. पुढील प्रयोगांतही एकवाक्यता झाली नाही. मानवी आरोग्यास बाधेल असा परिणाम या क्षेत्रांमुळे अंतःस्रावांवर होत असल्याचे पुराव्यावरून दिसत नाही, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली काढला. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाविषयीचा संशय निराळा. तो मात्र अद्याप पुरता फिटलेला नाही.

म्हणजे भीतीही सिद्ध नाही आणि संपूर्ण निर्धास्तपणाही नाही. या दोहोंमध्ये उभे राहण्याचे धैर्य शिक्षणाने द्यावे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1890 साली ज्या बडोद्यात कलाभवन स्थापन होऊन लोकभाषेतून शास्त्रशिक्षणाचा प्रयत्न झाला, तेथे भाषेच्या अध्यापकाने हे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. शास्त्रज्ञ प्रयोग करील. त्याचे क्रियापद न बदलता लोकांपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे. माझ्या हातून ते एकदा चुकले. गुरुजींच्या स्मृतीपुढे त्याची कबुली देऊन मी आपली रजा घेतो.