तांब्याच्या पत्र्यावरचा चेहरा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"मुलगा नुसती चित्रे काढीत बसतो, अभ्यास करीत नाही," ही पालकांची नेहमीची तक्रार. हाताचे काम वेगळे आणि विद्या वेगळी, असे आपण धरूनच चालतो. म्हणून आज सतराव्या शतकातल्या पॅरिसची एक हकीकत सांगतो.

तेव्हा फोटो नव्हते. राजा, मंत्री, न्यायाधीश यांचे चेहरे लोकांना दिसत ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांतून. पत्रा कातडी उशीवर ठेवायचा, हातात पोलादी कोरणी घ्यायची. रेघ वळवायची झाली तर कोरणी स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने पत्राच फिरवायचा! आणि हे सारे उलटे कोरायचे, म्हणजे छापल्यावर सुलटे दिसते. मग रेघांत शाई भरून वरची शाई पुसायची आणि ओलसर कागदासह पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. रंग मुळीच नाही. रेघ खोल तर छाया गडद. वस्त्रांना लांब रेघा, गालांना बारीक ठिपके. चुकलेली रेघ सहजी खोडता येत नसे, हे उत्तरपत्रिकेत खाडाखोड करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

या कामातला अग्रणी रोबेर नांतय, जन्म १६२३, गाव रँस. गडी तत्त्वज्ञान शिकलेला. तिकडे विद्यार्थ्याला आपली प्रमेये भर सभेत मांडून वादाला तोंड द्यावे लागे. त्याचा छापील तक्ता निघे आणि त्यावर अनेकदा आश्रयदात्याचे कोरीव चित्र असे. श्रीमंत घरे त्यापायी भरमसाट खर्च करीत. आपल्या लग्नपत्रिका आठवा! नांतयने मात्र स्वतःच्या प्रबंधासाठी स्वतःच चित्र कोरले.

पुढे या कोरीव कामाला कारागिरांच्या संघाचे नियम लावण्याची हालचाल सुरू झाली. तेव्हा १६६० साली चौदाव्या लुईने फर्मान काढले, की ही कला कल्पनेवर चालते, ती मुक्त आहे, तिला संघाचे जोखड नाही. हातात कोरणी धरणारा माणूस विद्वानांच्या पंगतीला बसला तो असा. त्याआधी १६५८ मध्येच नांतय राजाचा चित्रकार झाला होता. १६७८ मध्ये तो वारला तोवर त्याची दोनशेवर व्यक्तिचित्रे झाली होती. त्यांतल्या कित्येकांवर बड्या माणसाचे नाव आणि पदव्या ठळक दिसतात, आणि बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की प्रत्यक्ष समोर बसवून हे नांतयने केले.