गंगाजळी आणि लेथ मशीन
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



देशाची पैशाची व्यवस्था आणि देशाचे उत्पादन यांचा संबंध काय, यावर बोला, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले. आम्ही बांधकाम खात्यातली डिप्लोमावाली माणसे. अर्थशास्त्राशी आमचा संबंध बिले आणि मोजमाप पुस्तिकेपुरता. पण ग्वाल्हेरात राहणाऱ्याला या विषयासाठी लांब जावे लागत नाही. किल्ल्याकडे पाहिले तरी पुरते.

परकीय चलनाची गंगाजळी वाढली, घटली, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. शिंदे सरकारच्या राखीव खजिन्याचे नावही गंगाजळीच. लढाई, दुष्काळ अशा प्रसंगासाठी पैसा तळघरांत बंद करून ठेवायचा आणि त्याची खूण, म्हणजे बीजक, फक्त महाराजांना ठाऊक. १८८६ साली जयाजीराव वारले तेव्हा माधवराव जेमतेम नऊ वर्षांचे होते. बीजक त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही आणि मग खजिना कसा सापडला याच्या गोष्टी लष्करातल्या जुन्या वाड्यांतून आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्या किती खऱ्या, किती रंगवलेल्या, ते सोडून देऊ. तळघरात पडून असलेल्या रुपयाने त्या काळात एक विहीर खोदली नाही की एक माग चालवला नाही, एवढे मात्र नक्की.

गंमत अशी की याच जयाजीरावांनी १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्या वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच. इंदुरास तुकोजीराव होळकरांनी तर खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोट रुपये दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने! आज अशी मुदत मागणाऱ्याला बँकेतून हाकलून देतील. पण रेल्वे झाल्याने काय झाले? धान्याच्या बैलगाडीला आग्र्याला जायला चार-पाच दिवस लागत, ते अंतर काही तासांवर आले. तोच शेतकरी, तोच व्यापारी, तेच पोते, फक्त मधले दिवस वाचले. उत्पादकता म्हणतात ती हीच. माणूस जास्त राबला असे नाही, त्याच्या राबण्याला साधन मिळाले. आणि ते साधन कुणाच्या तरी साठवलेल्या पैशातून आले.

पुढची गोष्ट आम्हाला त्याहून मोठी वाटते. टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. लंडनच्या बाजारात त्यांना पैसा मिळेना. शेवटी १९०७ साली त्यांनी आपल्याच लोकांपुढे हात पसरला आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. नंतर खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या माधवमहाराजांनी घेतले. पौंडाला पंधरा रुपये धरले तर साठ लाख होतात. १९१२ साली साकचीत पोलाद तयार झाले, त्यात आपल्या गावचा पैसा होता. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणारे महाराज म्हणून त्यांची थट्टा करणाऱ्यांनी हेही सांगत जावे.

आता आपल्याकडे वळू. आपण कोणी पैसा तळघरात ठेवत नाही. दागिने लॉकरमध्ये, बाकी मुदत ठेवीत. याला भित्रेपणा म्हणू नये. चिटफंडवाल्यांनी या भागात किती घरे बुडवली ते आपण पाहिले आहे. आणि मुदत ठेव काही कुलूपबंद नसते, बँक तो पैसा पुढे देतेच. प्रश्न एवढाच की ती देते कोणाला?

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचे बाराघाट्याला छोटे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या अवजारांचे सुटे भाग करतो. हाती ऑर्डर होत्या, दुसरे लेथ मशीन हवे होते, म्हणून आठ लाखांचे कर्ज मागितले. बँकेने घराचे कागद मागितले. त्याच महिन्यात वडिलांना, नुसत्या पगाराच्या स्लिपवर, तेवढ्याच रकमेचे गाडीसाठी कर्ज तीन दिवसांत मंजूर झाले. गाडी दारात उभी आहे आणि वर्षागणिक तिची किंमत उतरते आहे. लेथ असते तर दोन पोरांना काम मिळाले असते. मॅनेजर वाईट माणूस होता असे नाही. आमचा पगार दर महिन्याला येतो हे त्याला दिसते, लेथ काय कमावेल ते दिसत नाही. पण ते ओळखणे हेच तर बँकेचे काम! नुसते तारण पाहून कर्ज द्यायचे तर ते काम सराफ्यातला सावकारही करत होता.

शिवाय नियम मुलाच्या बाजूचा होता. लघुउद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले आहे. अशा कर्जाला हमी देणारी सरकारी योजना २००० सालापासून आहे. मुलाला हे ठाऊक नव्हते आणि त्याचा प्रकल्प अहवाल म्हणजे एका कोऱ्या कागदावरच्या सात ओळी होत्या. जमाखर्च नाही, ऑर्डरींची प्रत नाही. त्यावर कोणता मॅनेजर सही करील?

आपल्या मंडळात निवृत्त लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले तिघे समोरच बसले आहेत आणि आम्ही अंदाजपत्रके करण्यातच आयुष्य घालवले आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात आम्ही काही जण बसणार आहोत. ज्यांच्या घरी असा धंदा करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी त्यांना घेऊन यावे. गेल्या दोन वर्षांचा हिशेब, हातातल्या ऑर्डरी आणि मशीनचे कोटेशन, एवढे बरोबर असू द्या. अहवाल तिथेच लिहू.