जुन्या चित्राची पारख



शिरूर-दौंडकडे एखादा जुना वाडा उतरवायला काढला, की माजघरातले धुरकटलेले चित्र खाली येते. जुनेपाने घेणारा दारात उभाच असतो. तो चौकटीचे पैसे देतो आणि चित्र फुकट नेतो! तेव्हा ते देण्याआधी पाहायचं काय, तेवढे आज सांगतो.

आधी पाहावे, चित्र हाताचे की छापाचे? घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती ‘अस्सल रविवर्मा’ म्हणून दाखवतात. त्या बहुतेक छापाच्या असतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व पुढे तो मळवलीस नेला. दौंडहून पुण्यावरून लोणावळ्याकडे जाताना लागते, तेच हे मळवली. दगडावरून एकेक रंग छापून वर रोगण देत, म्हणून ही चित्रे तैलचित्रासारखी चकाकतात. शाळेतले भिंग घ्या अन् चेहरा न्याहाळा. बारीक ठिपके दिसले, तर छाप समजावा. कुंचल्याचे फटकारे दिसले, तर हाताचे काम असण्याचा संभव. जुन्या छापालाही किंमत असते. पण ती निराळी.

मग चित्र उलटे करून पाठ पाहावी. तिथे नाव, सन, प्रदर्शनाची चिठ्ठी सापडते. सही मागाहून कोणीही करील. पण कापडाचे, लाकडाचे, खिळ्यांचे वय लपवणे अवघड.

यापुढची गोष्ट महत्त्वाची. चित्र कोणाकडून कोणाकडे आले? पंढरपूरला जन्मलेले चित्रकार हुसेन यांनी १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ रंगवले. सुमारे चौदा फूट लांब, त्यात खेड्यातल्या जगण्याची तेरा दृश्ये. त्याच साली दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी ते विकत घेतले. १९६४ साली ते नॉर्वेतल्या ओस्लो शहरी रुग्णालयाकडे गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. चित्रकार थोर खराच. पण चित्र कोणी घेतले, कुठे राहिले, हेही ठाऊक होते. खरेपणाविषयी शंकेला जागा नव्हती.

आणि त्यातली माणसे फोटोसारखी हुबेहूब नाहीत बरं का! म्हणून ‘पोरानं काढल्यागत दिसतंय’ म्हणून नवे वळणाचे चित्र टाकून देऊ नये.

आता पथ्य. चित्राला ओला फडका लावू नये, लिंबू-बटाटा चोळू नये, उडालेला रंग घरी भरू नये. धूळ परवडली, पण पुसलेला रंग परत येत नाही. जो विकत घेणार, त्यालाच किंमत विचारू नये. दोन जाणकारांना वेगवेगळे विचारावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रे जतन करण्याचे केंद्र आहे. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे चित्र खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

गुरुजी, एक काम तुमच्याकडे. मुलांना सांगा, ‘घरातलं जुनं चित्र कोणी आणलं, कुठून आणलं, ते आजीला विचारून लिहून आणा.’ चित्रावर नव्हे, वेगळ्या कागदावर. चित्र आणखी शंभर वर्षे टिकेल. पण सांगणारी आजी आज आहे, तोवरच विचारायला हवे.

नमस्कार.