तायक्वांदोचे दोन कित्ते

मूल लिहावयास शिकूं लागलें म्हणजे त्याच्याकडून कोणी एकदम पत्र लिहवून घेत नाहीं. प्रथम कित्ता गिरवून घेतात. अक्षरास वळण लागलें म्हणजे मग मजकूर. कोरियांतील तायक्वांदो या विद्येंतही असाच कित्ता आहे. पायाचा प्रहार, मूठ आणि मार्ग असे तीन अर्थ या नांवांत एकवटले असून तें १९५५ सालीं ठरलें. समोर प्रतिस्पर्धी नसतांना वार अडविणें, ठोसा व लाथ यांची ठराविक मालिका एकट्यानें करावयाची, हाच तो कित्ता. मात्र तो एक नसून दोन आहेत.

पहिला जनरल चोई हाँग ही यांच्या परंपरेचा. त्यांनीं १९६६ सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. या परंपरेंत मालिकेस 'तुल' म्हणतात आणि दिवसाच्या तासांइतके, म्हणजे २४ तुल आहेत. दुसरा कित्ता सेऊल येथें १९७२ सालीं उभारलेल्या कुक्कीवॉन या संस्थेचा. तेथें मालिकेस 'पूमसे' म्हणतात व नवशिक्यास आरंभीं 'तेगुक' नांवाचे आठ पूमसे शिकवितात. ऑलिंपिकमध्यें २००० सालापासून ज्या तायक्वांदोस पदकें मिळतात, तें याच शाखेचें.

आतां दोहोंतील लाथा पाहाव्या. 'चोन-जी' हा पहिला तुल १९ हालचालींचा. त्यांत लाथ एकही नाहीं. दुसरा २१ हालचालींचा, त्यांतही नाहीं. २४ हालचालींच्या तिसऱ्यांत प्रथम समोरची लाथ येते. उलट, पहिल्याच तेगुकांत समोरच्या दोन लाथा आहेत. चौथ्यांत बाजूची लाथ, सहाव्यांत वळती लाथ, तर आठव्यांत उडी घेऊन मारलेली लाथ आढळते. तुलांतील चालीचा पवित्रा लांब असतो आणि अंग लाटेप्रमाणें खालीं-वर होतें. पहिल्या तेगुकांत पाऊल बहुतेक सहज चालण्याइतकें आंखूड पडतें आणि डोकें एका पातळींत राहतें. म्हणजे एकानें पाया आधीं भरला, दुसऱ्यानें पाया व भिंत बरोबरच उचलली.

एका शाळेंतून दुसरींत गेलेल्या विद्यार्थ्याची येथेंच परीक्षा होते. काल ज्यास शाबासकी मिळाली, तेंच आज चुकीचें ठरतें, आणि पुष्कळांचा उत्साह मावळतो. परंतु मोडी आणि बाळबोध यांचीं वळणें निराळीं म्हणून मराठी भाषा दोन होत नाहींत. नव्या शिक्षकानें हें ओळखलें तर त्या मुलाचे मागील श्रम फुकट जात नाहींत.

कारण लाथेचें मूळ दोन्हीकडे एकच आहे. प्रथम गुडघा वर येतो. समोरच्या लाथेंत तेथून पाय सरळ सुटतो व बोटें मागें वळवून चवड्यानें आघात होतो. बाजूच्या लाथेंत टेकलेल्या पायाची टांच लक्ष्याकडे फिरते आणि पावलाची बाहेरची कड पुढें जाते. वळत्या लाथेंत कंबर फिरून पाय आडवा येतो. आघात झाल्यावर गुडघा पुन्हा दुमडावा आणि मगच पाऊल भूमीस लागावें. ज्याचा पाय परत येत नाहीं, तो तोल गमावतो, व प्रतिस्पर्ध्यास तो पाय सांपडतो. म्हणून दोन कित्त्यांची तुलना करणारानें लाथ किती उंच गेली हें पाहण्याआधीं ती कशी परतली हें पाहावें.

दोन वळणें होण्यास राजकारणही कारण झालें. चोई १९७२ सालीं दक्षिण कोरिया सोडून कॅनडांत गेले आणि पुढें त्यांची परंपरा उत्तर कोरियांत रुजली. देशाप्रमाणें विद्याही दुभंगली. तथापि २०१८ च्या एप्रिल महिन्यांत दक्षिणेचें पथक प्याँगयाँगला गेलें आणि दोन्ही पथकांनीं तेथें एकत्र प्रयोग केले. सीमा तशीच राहिली. पण एका रंगमंचावर दोन्ही वळणें शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं. ज्या शिक्षकाच्या दारीं दुसऱ्या शाळेचा विद्यार्थी येईल, त्यानें एवढें स्मरावें आणि त्याची पाटी पुसण्यापूर्वीं ती एकवार वाचून पाहावी.